आधारभाऊंचं एरंडेल

धुळ्याच्या पारसमल शेटजींकडे एक जुनी विलायती गाडी होती. ती आधारभाऊंशिवाय कोणी चालवत नसे. तरुणपणी त्यांनी कापसाच्या बैलगाड्या हाकल्या होत्या, म्हणून मोटार पुसतानाही ते तिच्या पाठीवरून हात फिरवत.

सत्त्याऐंशी साली गाडीचे पुढचे ब्रेक किंचाळू लागले. शेटजी वैतागले. "दिवाळीआधी आवाज गेला नाही, तर गाडी विकून टाकतो!" गाडी गेली की आपलीही गरज संपली, हे आधारभाऊंनी ओळखलं.

दोन दिवसांत आवाज बंद झाला. शेटजी खूश झाले. म्हणाले, "सोमवारी औरंगाबादला जा. आपल्या मंजूला सासरहून पहिल्या दिवाळीला घेऊन या."

येताना कन्नडचा घाट उतरायचा होता. पण निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, आग्रा रोडवर म्हैस आडवी आली आणि गाडी थांबता थांबता तिच्या शेपटीपर्यंत गेली. आधारभाऊ तसेच धनसिंग मिस्त्रीकडे गेले.

धनसिंगने चाक काढलं, आतल्या लोखंडी तबकडीवर बोट फिरवलं आणि हुंगलं.

"आबा, हे एरंडेल कोणी घातलं?"

"चाक वरडनं ते वंगन लागसच ना, मिस्तरी!"

"अहो, ही तबकडी दोन पॅड चिमट्यासारखे धरतात, तेव्हा गाडी थांबते. तुम्ही चिमट्यालाच तेल पाजलंत! हे पॅड आता फेकायचे. नवे मुंबईहून येतील, आठ दिवसांनी. तोवर गाडी इथून हलणार नाही."

मंजूला आधारभाऊंनी कडेवर घेऊन शाळेत सोडलं होतं. ते पायीच पेढीवर गेले, टोपी काढून उभे राहिले.

"शेटजी, आवाज मी बंद केला. एरंडेल घालून. ब्रेक गेले. मंजूताईसाठी दुसरी गाडी पाठवा. माझं काय करायचं ते करा."

शेटजींनी टेलिफोन जवळ ओढला. मग म्हणाले, "भाड्याची जीप सांगतो. पण आधारभाऊ, तुम्ही सोबत जायचं. ती दुसऱ्या कोणाबरोबर यायची नाही."

दिवाळीनंतर पॅड आले. धनसिंगने तबकडी लख्ख पुसली, जुन्या पॅडची पाठ दाखवली. "ही कोरडी पडून थरथरत होती. आवाज तिचा." मग नव्या पॅडच्या फक्त पाठीला त्याने नखभर ग्रीस लावलं.

आधारभाऊ वाकून बघत होते.

"मंग वंगनच लागनं ना!"

"लागलं, आबा. पण पाठीला. तुम्ही तोंडाला लावलंत."