ती मागे वळून पाहत नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मंडळातल्या कुणाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या सत्काराला कधी हार घेऊन आला नव्हता. ऐका, आणि मग काय म्हणायचं ते म्हणा. रडतभेकत सांगणार नाही — तसला माणूस मी नाही.

लातूर, उदगीर, नांदेड, देगलूर — या पट्ट्यात सिनेमावर बोलणारा माणूस म्हणून मला ओळखतात. तेही एकाच सिनेमामुळे. खरं तर एका सिनेमाच्या पहिल्या सहा मिनिटांमुळे. त्या सहा मिनिटांवर मी लेख लिहिला, तो गाजला, व्याख्यानाची बोलावणी आली. मी बोलायला लागलो की सभागृह चिडीचूप. बायका पदर डोळ्यांना लावायच्या, निवृत्त तहसीलदार चष्मा पुसायचे. आणि ती सहा मिनिटं मी पाहिलीच नव्हती.

थांबा — एवढ्यावर मला सोडू नका. एवढंच असतं तर मीच ते कधीचं गंमत म्हणून सांगून टाकलं असतं. थापा कोण मारत नाही?

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. ज्याच्या-त्याच्या पाटीवर ‘जिल्हा’ चढला होता. सायकल दुरुस्तीवाल्यानंसुद्धा रंगारी बोलावून तो शब्द लिहून घेतला होता. मग आम्ही का मागं राहावं? जिल्हा चित्रपट मंडळ काढलं. एक डॉक्टर अध्यक्ष, आणि मी — मूळचा कंधारचा, इथल्या कॉलेजात मराठी शिकवणारा — चिटणीस. रविवारी सकाळी टॉकीज भाड्यानं घ्यायची, पुण्याहून एसटीनं पत्र्याच्या डब्यांतून रिळं मागवायची, आणि आपल्याला सगळं कळतं अशा चेहऱ्यानं बघत बसायचं. पावसानं पाठोपाठ दोन वर्षं दडी मारली होती. टँकर यायचा तोही सकाळीच. निम्मे सभासद पाणी भरून ओल्या बाह्यांनी सिनेमाला यायचे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिनेमाच्या आधी सरकारी रीळ दाखवायचे — धरणं, लसीकरण, दुष्काळी कामं. ते रीळ कुणीही बघायचं नाही. बाहेर उभं राहून चहा प्यायचा, पडद्यावर नावं सुरू झाली की डोअरकीपर हाक मारायचा, मग आत शिरायचं. सगळ्या टॉकीजांत हेच.

त्या रविवारी मी दारातून डोकावलो. काळं-पांढरं चित्र. भेगाळलेली जमीन. एक बाई कोरड्या नदीत, वाळू उकरून केलेल्या झिऱ्यापाशी बसून वाटीनं घागर भरतेय. ना बोलणं, ना संगीत. मी मागं वळून सगळ्यांना म्हणालो, “दुष्काळाचं रीळ हाय. चला, चहा घेऊ.” डॉक्टर हसले, म्हणाले, दुष्काळ घरी काय कमी आहे? आणि अख्खं मंडळ माझ्या मागं बाहेर आलं.

तो सिनेमाच होता. त्यात नावं नंतर होती. आम्ही नावांपासून पाहिला आणि बरा होता असं म्हणून घरी गेलो.

आत एकटीच बसली होती — महानंदाबाई. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, वय असेल तिशीचं. नवरा लवकर गेलेला. मंडळाचे पास दाराशी तपासायचं काम मी त्यांना दिलं होतं, त्याबदल्यात फुकट सिनेमा. त्या दिवशी पास तपासून झाल्यावर त्या आत जाऊन शेवटच्या रांगेत बसल्या. बाहेर चहाला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, हेही सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात त्यांनी मला सांगितलं. “सर, सुरवात तुमी बघितलीच न्हाई की.” आणि मग पुस्तकांवरची धूळ झटकत, थांबत थांबत, त्यांनी ती सहा मिनिटं माझ्यासमोर उभी केली. बाई वाटीवाटीनं घागर भरते. गढूळ पाणी पदरानं गाळते. डोक्यावर घेते आणि चालू लागते. नुसती चालते. पाठीमागनं कुणीतरी तिचं नाव घेऊन हाका मारतंय, ती थांबत नाही. घर येतं. अंगणात माणसं उभी. ती घागर उतरवते आणि तेव्हा आपल्याला दिसतं, की पाणी प्यायला नव्हतंच — अंगणात नवऱ्याचं प्रेत आहे, त्याला आंघोळ घालायला ते आणलंय. गावातलं शेवटचं पाणी. महानंदाबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मला म्हणाल्या, “मला माझं घर दिसलं, सर.”

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत. मी घरी गेलो आणि एका बैठकीत लेख लिहिला. ‘मी पाहिलं’ असं लिहिलं. महानंदाबाईंचं नाव कुठंच नाही. साप्ताहिकाच्या संपादकानं पहिल्या पानावर छापला. रीळ पुण्याला परत गेलं होतं, पुन्हा ते कुणाला दिसणार नव्हतं. आणि आपण तेव्हा बाहेर चहा पीत होतो, हे मंडळातलं कुणी कबूल करणार नव्हतं. मग मला कोण धरणार?

आणि मी त्यात एक गोष्ट घातली. नदीच्या वळणावर ती बाई थांबते, मान वळवते आणि झिऱ्याकडे एकदा बघते. हे माझं. ते वाक्य मी आजही पुसणार नाही — चांगलं वाक्य आहे. लोक रडायचे ते तिथंच रडायचे. चोरलेल्या मालावर मी माझी नक्षी केली होती, आणि नक्षीलाच दाद मिळत होती. आवडायचं मला ते. का आवडू नये?

दोन वर्षांनी कॉलेजातच माझं व्याख्यान ठेवलं. सभागृह भरलेलं, पुढं डॉक्टर, मंडळाचे सगळे जुने सभासद. मी त्या वळणावर आलो, मान वळवून दाखवली. आणि दारातून आवाज आला. महानंदाबाई. पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

“न्हाई सर, ती वळत न्हाई. डोईवर भरली घागर असली की मान वळत न्हाई. बघायचं तर समदं आंग वळवावं लागतंय, पाणी सांडतंय. ती तशीच जाती.”

बरोबर होतं. तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं, कारण प्रत्येकीनं सकाळी तेच केलं होतं. दोन-चार माना हललेल्या मी पाहिल्या. मला एवढंच म्हणायचं होतं — बाई म्हणतात ते खरं आहे, हे दृश्य त्यांनीच पाहिलंय. किती वेळ लागला असता?

मी हसलो. म्हणालो, “बाई, तुम्ही तेव्हा दाराशी पास तपासत होता ना? आत होतो आम्ही.”

सभागृह खो-खो हसलं. डॉक्टर तर उठून म्हणाले, मलाही पक्कं आठवतं, ती वळते. माझ्याच शेजारी उभं राहून चहा प्यायला होता हा माणूस! कुणी वेगळं बोललं नाही. महानंदाबाईंनी तांब्या टेबलावर ठेवला आणि गेल्या. मंडळाचा पास त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून दिला. त्यानंतर ग्रंथालयात हवं ते पुस्तक काढून द्यायच्या, पण सिनेमाचा शब्द काढला नाही. त्यांनी एकटीनं पाहिलेली एक गोष्ट होती त्यांच्यापाशी. ती त्यांनी पाहिलीच नाही, असं मी गावासमोर ठरवून टाकलं.

नोकरी संपली. मागच्या वर्षी जावयानं टीव्हीवर तोच सिनेमा लावून दिला. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांची मुलगी माझी, ती शेजारी बसली होती. मी ती सहा मिनिटं पहिल्यांदा पाहिली. वळण आलं. ती वळली नाही. मला आधी राग आला, तोही सिनेमा काढणाऱ्याचा — वळवायला काय झालं होतं? मग ती तशीच चालत राहिली, ताठ मानेनं, मागून हाका येत होत्या, आणि मला रडू फुटलं. माझ्या वाक्यानं मला कधी रडू आलं नव्हतं. मुलगी म्हणाली, बाबा, किती वेळा पाहिलाय तुम्ही हा, तरी?

मग तरी सांगावं की नाही? नाही सांगितलं. गेल्या महिन्यात इथल्या पोरापोरींनी नवीन फिल्म क्लब काढला, उद्घाटनाला मला नेलं, मोठ्या पडद्यावर ती सुरुवात दाखवली. संपल्यावर एक मुलगी माझा लेख हातात घेऊन आली. “सर, तुम्ही लिहिलंय ती वळते. इथं तर वळत नाही?” मी म्हणालो, “आमच्या वेळची प्रत वेगळी होती.” पापणीसुद्धा लवली नाही माझी.

महानंदाबाई तिथंच होत्या. सुनेचा हात धरून आल्या होत्या, केस पांढरे, पाठीला बाक. डोळे पुसत होत्या. मी त्यांना पाहिलं, त्यांनी मला. त्या मुलीचंही लक्ष गेलं. तिनं विचारलं, “आजी, तुम्ही होता का तेव्हा? पाहिली होती का ती प्रत?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी एक शब्द काढला असता तर मी मेलो असतो.

“न्हाई बाई,” त्या म्हणाल्या. “म्या तवा दाराशी पास तपासत व्हते.”

सून त्यांना घेऊन गेली. मुलीनं माझी सही मागितली. मी लेखाखाली सही केली.