शरयूकाकूंचं वाण

पडदा वर जातो. समोर बंद पडलेलं एक सुपरमार्केट. अमेरिकेत ॲन आर्बरपासून गाडीने अर्ध्या तासावरचं गाव, बाहेर गुडघाभर बर्फ. आत जिथे दुधाचे फ्रिज होते तिथे आता प्लायवुडच्या भिंती घालून वर्ग केलेत. छताला टांगलेली 'मासळी' ही जुनी पाटी उतरवायची राहून गेली आहे आणि तिच्याच खाली अकाउंटिंगचा वर्ग भरतो. साल त्र्याऐंशी, महिना जानेवारी. नाव नोंदवायच्या टेबलामागे साडीवर जाड स्वेटर आणि पायांत बर्फाचे बूट अशा थाटात शरयूकाकू आगाशे बसल्या आहेत. समोर रांग आहे, पण काकूंचं लक्ष दाराकडे. आज नोंदणीची शेवटची संध्याकाळ. एक माणूस येतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

काकू मूळच्या सांगलीच्या. मॅट्रिकनंतर वडिलांनी अंथरूण धरलं आणि कॉलेज राहून गेलं ते राहूनच गेलं. लग्न होऊन मिशिगनला आल्या तेव्हा पहिली काही वर्षं थंडीशी जुळवून घेण्यात गेली. मग गावातल्या चर्चच्या तळघरात कम्युनिटी कॉलेजने चार वर्ग उघडले, तेव्हा काकू बिचकत चौकशीला गेल्या. काउंटरवरची बाई म्हणाली, "सोमवारी या."

"आणि मार्क?"

"कसले मार्क?"

काकूंना वाटलं, बाई नवीन असणार. सोमवारी त्या मॅट्रिकची गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेल्या. बाईने तिच्यावरचा शिक्का कौतुकाने पाहिला, मार्क न वाचताच परत दिली आणि वर्ग कुठे आहे ते दाखवलं. त्या दिवशी काकू गाडीत बसून चांगलं पोटभर रडल्या, आणि मग पोळ्या करायला घरी गेल्या.

एकेका कारखान्याचे दिवे विझत होते आणि कॉलेज वाढत होतं. तळघर पुरेना म्हणून सुपरमार्केट घेतलं, शेजारच्या काउंटीत दुसरी शाखा निघाली, मग तिसरी. लोकांनी मतं देऊन स्वतःवर त्यासाठी कर लावून घेतला. नोकरी गेलेले वेल्डर फ्रिज दुरुस्ती शिकायचे, नातवंडं असलेल्या बायका नर्सिंग. काकू लहान मुलांना शिकवण्याचा कोर्स करत होत्या आणि रिकाम्या वेळात टेबल सांभाळत होत्या.

महाराष्ट्र मंडळात मात्र या कॉलेजची पत यथातथाच. डॉक्टरीणबाई पद्मजा एकदा हसून म्हणाली होती, "काकू, जिथे कोणालाही घेतात ते कॉलेज कसलं हो? शिवणाच्या क्लाससारखा क्लास म्हणा."

त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसले होते ते काकूंचे यजमान श्रीराम. साहजिकच होतं. ते बोर्डात आलेले, पुण्याचे इंजिनिअर, मोटारीच्या कंपनीत डिझाइन करणारे.

मग ऑक्टोबरमध्ये त्यांच्या कंपनीने ड्रॉइंगबोर्ड काढून कॉम्प्युटर आणले, आणि बोर्डांबरोबर श्रीरामांनाही काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरामांनी टाय बांधला, ब्रीफकेस घेतली, डबा घेतला आणि ते ॲन आर्बरच्या लायब्ररीत जाऊन बसले. बायकोला सांगितलं, पण तोंड बंद ठेवायच्या अटीवर. मंडळाच्या दिवाळीत म्हणाले, "काम इतकं आहे यार, मान वर करायला वेळ नाही." काकूंनी बाजूला उभं राहून मान डोलावली. नटाने भूमिका धरली की सोबतच्या पात्राला सांभाळून घ्यावंच लागतं.

नोकऱ्या होत्या त्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंग येणाऱ्यांना. तो कोर्स मासळीच्या पाटीपलीकडच्याच वर्गात होता. काकूंनी एकदाच विषय काढला.

"त्या दुकानात? मी?" श्रीराम ताडकन उठले. "त्यापेक्षा उन्हाळ्यात घर विकू आणि पुण्याला जाऊ."

 काकूंचा कोर्स संपायला अजून वर्ष होतं.

संक्रांत आली. शनिवारी काकूंकडे हळदीकुंकू. दरवर्षी वाण म्हणून स्टीलची वाटी, नाहीतर टपरवेअरचा डबा. यंदा प्रत्येकीच्या हातात पडलं कॉलेजच्या अभ्यासक्रमांचं पुस्तक, लाल दोऱ्याने बांधलेलं, वर तिळगुळाची पुडी.

"अगंबाई!" पद्मजा म्हणाली. "या वयात आम्हाला शाळेत घालता की काय?"

"तुम्ही नका गं शिकू," काकू कुंकू लावता लावता म्हणाल्या. "घरी नेऊन नुसतं टेबलावर ठेवा. वाण कोणी टाकून देतं का?"

उरलेली एक प्रत त्यांनी स्वतःच्या टेबलावर ठेवली, श्रीरामांच्या चहाच्या कपापाशी. आठवडाभर त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. पण लाल दोरा सुटलेला होता.

आणि आज ही संध्याकाळ. दार उघडलं. थंडीबरोबर कानटोपी आणि मफलर यांच्यामधून फक्त चष्मा दिसणारा एक माणूस आत आला. चालीवरून काकूंनी ओळखलं, मंडळाचे खजिनदार बाळ परचुरे. ते रांगेत शिरून खांबाआड उभे राहिले. पाठोपाठ पुन्हा दार उघडलं. ब्रीफकेस, टाय. काकूंनी चटकन मान खाली घातली.

मराठीत बोललं की अमेरिकेत कोणाला ऐकू जात नाही, अशी आपल्या लोकांची समजूत असते.

"अहो आगाशे! तुम्ही इथे?"

"हिला... हिला सोडायला आलोय. तुम्ही?"

"मीही. आमच्या हिला सोडायला."

"कुठे आहेत वहिनी?"

"घरी."

 मग श्रीरामांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. "कधीपासून?"

"ऑगस्ट. मॉलमध्ये बसतो. तुम्ही?"

"ऑक्टोबर. लायब्ररी."

"लायब्ररीत हीटिंग बरं असतं का हो?"

आणि मग दोघं हसायला लागले. असं, की रांगेतल्या वेल्डरांनी माना वळवल्या. ऑक्टोबरपासून काकूंनी ते हसणं ऐकलं नव्हतं.

पुढे मक्याच्या शेतात कॉलेजची स्वतःची इमारत उभी राहिली, तिथल्या पाळणाघरात काकू मुलांना शिकवू लागल्या, आणि पद्मजाने आपल्या मुलाला उन्हाळ्यात तिथेच गणिताला पाठवलं. पण तो पुढचा अंक. आत्ता रांग सरकली आहे आणि श्रीराम टेबलासमोर उभे आहेत. त्यांनी ब्रीफकेस उघडली. आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली बोर्डाची गुणपत्रिका काढून बायकोपुढे ठेवली.

काकूंनी ती उचलली. शिक्का पाहिला. मार्क न वाचताच परत दिली.

"छान आहे. आत ठेवा, भिजेल," त्या म्हणाल्या. "तुमचा वर्ग त्या मासळीच्या पाटीच्या पलीकडे. आणि हे बघा, माझ्या खुर्चीखाली डबा आहे, आपल्या दोघांचा आहे. भाजी सगळी संपवू नका."