घरपट्टीची माफी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. बटणांच्या पैशांवरून गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस तीन वर्षं घरपट्टी मात्र निमूटपणे पूर्ण भरत होता, आणि खरं तर ती भरायची गरजच नव्हती.

घर मुलाच्या नावावर आणि मुलगा सैन्यात. नोकरीतल्या जवानाच्या घराला अर्धी पट्टी माफ, फक्त पलटणीचा दाखला दरवर्षी जोडायचा. तीन वर्षांपूर्वी सीमेवरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. मुलगा सापडलाच नाही, आणि दाखला यायचा बंद झाला. पुढे त्याला मृत समजण्यात येत असल्याचं पत्र आलं. मास्तरांनी ते एकदा वाचलं आणि कपाटात कोंबलं.

पट्टीच्या खिडकीतला कारकून भला माणूस. दरवेळी हळूच दुसरा फॉर्म पुढे सरकवायचा. "काका, एवढी सही करा. शहीद जवानाच्या घराला पट्टी कायमची माफ आहे. सरकार देतंय तर घ्या ना."

"पोरगा गेला म्हणून लिहून देऊ? अरे, आल्यावर माझी खरडपट्टी काढेल तो!" असं म्हणून मास्तर नोटा पुढे करायचे. वर हसायचेसुद्धा. ते हसणं बघवत नसे.

यंदा कारकुनाने पैसे घेतलेच नाहीत.

"माफी मंजूर झाली, काका. काकू येऊन गेल्या की. पत्र, सही, सगळं दिलंय त्यांनी."

भर उन्हात मास्तर तरातरा घरी आले. बायको भाजी निवडत बसली होती.

"कुणाला विचारून सही केलीस? चार पैशांसाठी पोराला मारलंस?"

"आग लागो त्या पैशांना!" तिने भाजी बाजूला सारली. "दरवर्षी पट्टी भरून येता आणि म्हणता, 'बघ, आहे अजून तो.' मग मी रडायचं कुठं? न्हाणीघरात, नळ सोडून रडते मी. तीन वर्षं झाली हो. आई आहे मी त्याची. एकदा मोकळेपणी रडू द्या मला."

बायकोने भिंतीला डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. शेजारीण धावत दारात आली. "काय झालं हो, मास्तर?"

मास्तर बायकोशेजारी खाली बसले.

"आमचा पोरगा गेला," ते म्हणाले.