मुकादमचा उलटा माग

चित्ररथाचं काम तीन आठवडे चाललं आणि त्यात मुकादमने एक खिळाही ठोकला नाही. तरी तो चित्ररथ तिचाच होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. निदान तिचं तरी नव्हतंच. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, एका हातात वडापाव धरून ती दुसऱ्या हाताने हुकूम सोडायची. म्हणून ती मुकादम. ती तिसऱ्या वर्षाला होती, मी पहिल्या.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला आमच्या कॉलेजातून शोभायात्रा निघते. आमच्या कॉमर्सने यंत्रमाग करायचं ठरवलं, कारण भिवंडी मागांची आणि थर्माकोल हाताशी. टेम्पो मुकादमच्या घरचा. मानकोलीला तिच्या वडिलांची गोदामं आहेत. त्यामुळे अत्यंत लोकशाही पद्धतीने तिचीच निवड झाली.

"हाताला काम, तोंडाला सुट्टी," असं ती सगळ्यांना सांगायची. मला ते सोयीचं होतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील काय करतात असं कुणी विचारलं, तर "कापडात आहेत" एवढंच सांगायचो. अगदीच खोटं नव्हतं. निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात ते बारा तास कापडातच असायचे.

मेळाव्याला दोन दिवस उरले तेव्हा माग उभा राहिला. चंदेरी कागदात तो लग्नाच्या स्टेजसारखा चमकत होता. फक्त उलटा होता. सुताचं बीम, म्हणजे ताण्याचा मोठा रूळ, मागाच्या पाठीमागे असतं आणि विणलेलं कापड कारागिराच्या पुढ्यात गुंडाळलं जातं. मागापुढे उभ्या केलेल्या आमच्या कारागिराच्या पुतळ्याच्या पोटाशी बीम होतं आणि कापड पलीकडे. वीस हुशार मुलांनी मोबाइलवरच्या फोटोवरून केलेलं काम ते. खरा माग दहा मिनिटांवर होता, पण तिथे कोण जाणार?

मी गप्पच राहिलो असतो. पण मुकादमने मला बघताना बघितलं.

"काय रं, मघापासून काय शोधतंस?"

"ताई, हे... बहुतेक उलटं झालंय."

"तुला कसं म्हायती?"

सगळ्यांचे कटर थांबले. "वडील लूम चालवतात," मी जमिनीकडे बघत म्हणालो.

मला वाटलं, आता ती काहीतरी हळवं बोलेल. ती चिडली. "आणि तीन आठवडं थर्माकोल कापत बसलास? उद्या बापाला घेऊन ये."

वडील शिफ्ट संपवून आले, केसांत कापसाचे तंतू तसेच. चित्ररथाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "छान आहे. फक्त कापड बघायला कारागिराला दर वेळी वळसा घालून पळावं लागेल." मुकादमने त्यांना खुर्ची दिली. त्या दिवशी हुकूम वडिलांनी सोडले आणि माग सुलटा झाला. तिला ते आवडलं नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

त्या वर्षी ती पास होऊन गेली. आता मानकोलीचं गोदाम सांभाळते म्हणे. मला ट्रकवाल्यांची काळजी वाटते.

तर, त्या शोभायात्रेच्या दिवशी तिच्या हुकुमाप्रमाणे वडील सुट्टी टाकून टेम्पोच्या बाजूने चालत होते. प्रमुख पाहुण्यांनी मला विचारलं, हे गृहस्थ कोण? ते ऐकून वडील आपणहून दोन पावलं मागे सरकले, मला अवघडायला नको म्हणून.

"माझे वडील," मी पुटपुटलो. "लूम चालवतात."

"मोठ्यानं बोल की," मुकादम टेम्पोवरून म्हणाली. "जनरेटर चालू हाय. सायबांना काय ऐकू येत न्हाय."

मी पुन्हा सांगितलं. जरा जास्तच मोठ्याने झालं. पुढच्या चित्ररथावरची मुलंही वळून बघायला लागली. मान वर केली तेव्हा वडील पुन्हा माझ्या शेजारी चालत होते.