मावशीचा आठवा दिवस

ये गं पोरी, अशी जवळ ये. उंबऱ्यावर कायले बसली, पाव्हण्यासारखी? आल्या आल्या "आजी, मले जायचं आहे" म्हणतेस. अगं, अजून एक चप्पल पायातच आहे तुझी! काढ ती. टाइम नाही, टाइम नाही, हे तुमच्या तोंडाला लागलेलं वाक्य आहे. मीही तुझ्यासारखीच होते, म्हणून तर रागावते. माझी खोड कशी मोडली ते ऐक.

तेव्हा मी चौथीत होते. स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. आमचं गाव धनजच्या बाजूला, चारी अंगांनी कापूस. गावात ख्रिस्ती घरं मोजून पाच, त्यांतलं एक आमचं. आमच्या शेजारी एक मावशी राहायची. नात्याची नव्हे, पण सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं. नवरा गेलेला, लेकरू नाही. बाप्तिस्मा तिनं केस पिकल्यावर घेतला, आणि मग तिच्या मनात एकच गोष्ट बसली: नाताळाला प्रभूच्या जन्माचा भाग आपण स्वतः उभं राहून वाचायचा.

"दरसाल तो उपदेशक वाचते अन् आमी ऐकतो," ती म्हणायची. "दुसऱ्याच्या तोंडानं जेवल्यासारखं वाटते मले."

पण मावशीला अक्षर येत नव्हतं. आणि तिची नजर जात चालली होती. दवाखान्यात स्पष्ट सांगितलं होतं की हे दुखणं औषधानं थांबणार नाही, फार तर उन्हाळ्यापर्यंत दिसेल. पोळा झाला तशी ती माझ्याकडे आली. "तू शाळेत जातेस. मले शिकव."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. आणि मग सुरू झालं माझं उद्या. सकाळी शाळा. दुपारी आईबरोबर शेतात तण निंदायला, पुढे कापूस वेचायला. संध्याकाळी मावशी दारात येऊन बसली की मी म्हणायची, "मावशी, आज लय थकली मी." ती बिचारी उठून जायची. असे दोन महिने गेले बघ. दिवाळी झाली, बोंडं फुटून शेत पांढरं झालं, आणि मावशीला अजून 'क'ही माहीत नव्हता.

एका रविवारी प्रार्थना आटोपून मी मैत्रिणींबरोबर अंगणात सागरगोटे खेळत होते. मावशी आली. "आज तं शाळा नाई, कापूस नाई. चाल, बस."

मी काय म्हणावं? म्हटलं, "आज विसाव्याचा दिवस आहे. शिकवनं म्हंजे काम. पाप लागते."

मैत्रिणी खुदकन हसल्या. मावशीनं कमरेवर हात ठेवले. "अस्सं! सा दिवस तू थकेल, सातव्या दिवशी तू पवित्र. मंग देवानं मले आठवा दिवस कुठून द्यावा, सांग बरं?"

चुलीपाशी आई भाकरी थापत होती. ती आतूनच ओरडली, "अन् मी विसाव्याच्या दिवशी भाकरी थापून राह्यली, ते तुह्या पोटाले चालते का वं? प्रभूनं आंधळ्याले नजर देल्ली तो दिवस कोनता होता? विचार आपल्या बापाले!"

बाप ओसरीवर होता. तो नुसता हसला. मला कळलं की तो दिवस विसाव्याचाच होता. सागरगोटे तिथंच ठेवून मी उठले.

पाटी मावशीला दिसेना. रेघ बारीक, डोळ्यांपुढं धुकं. मग तिनंच युक्ती काढली. गुरांसाठी ठेवलेली सरकी, म्हणजे कापसातलं बी, पदरात भरून आणली आणि म्हणाली, "हे मांड." सारवलेल्या ओसरीवर मी सरकीची हाताएवढी अक्षरं मांडायची. ती आधी बोटांनी चाचपायची, मग डोळे बारीक करून पाहायची. प्रत्येक अक्षराला तिनं आपलं नाव ठेवलं. ळ म्हणजे दोन बांगड्या. ठ म्हणजे न फुटलेलं बोंड. शेतात वेचतानासुद्धा तासाच्या, म्हणजे कापसाच्या ओळीच्या, या टोकावरून मी ओरडायची, "दोन बांगड्या!" आणि त्या टोकावरून मावशी, "ळ!" बाकीच्या बाया म्हणायच्या, या दोघींना ऊन लागलं.

एकदा मी पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात शेळीनं अर्धी बाराखडी खाऊन टाकली. मावशी हसून हसून बेजार. "पाह्य वं, शेळी माह्याआधी शिकून गेली!"

मग एकही संध्याकाळ चुकली नाही. वेळ कुठून आला, ते मला आजही सांगता येत नाही. शाळा तीच, कापूस तोच, थकवाही तोच.

नाताळाच्या सकाळी उपदेशकानं पुस्तक मावशीच्या हातात दिलं. ती उन्हात जाऊन उभी राहिली. पान नाकाला लावलं आणि एकेक अक्षर उचलत निघाली. चार ओळी झाल्या, पाच झाल्या, आणि ती अडली. पुढचा शब्द सगळ्यांना पाठ. एका दादानं खोकल्याच्या आडून तो सांगायचाही प्रयत्न केला.

"चूप बसा!" मावशी पानावरून नजर न काढता म्हणाली. "मले दिसून राह्यलं."

तिचं बोट त्या जोडाक्षरावर दोनदा फिरलं, आणि एकदम तिचा चेहरा उजळला. "गव्हाणीत! अवं, आपली गव्हाणच तं आहे! जल्मभर जिच्यात कडबा टाकला, ते मले वळखू येईना!"

लोक असे हसले की उपदेशकाला डोळे पुसावे लागले. मावशीनं आठ ओळी पुऱ्या केल्या आणि मगच खाली बसली.

होळी सरता सरता तिची नजर गेली. माझे ते दोन महिने वाया गेले नसते तर तिनं मेंढपाळांपर्यंतचा भाग वाचला असता. हे माझ्या मनाला लागलं, आणि मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "आठ ओळी तं माह्या झाल्या ना? आता पुढचं तू वाच, मी ऐकतो. आता मले ठावं आहे की अक्षर कसं असते." मग माझं लग्न होईपर्यंत रोज संध्याकाळी मी तिच्यापाशी बसून वाचलं. आपले दिवस मोजायला शिकव, असं आपण देवाला म्हणतो ना पोरी, ते मी पुस्तकातून नाही शिकले. देव देतो तो दिवस आपल्या एकट्याचा नसतो. त्यातला वाटेकरी दारात बसलेला असतो, आणि आपण त्याला उद्या ये म्हणतो.

बरं, आज जा तू, तुझी एसटी चुकेल. पण तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. तू आलीस की मीठ घालून उकडते. आजीचा निरोप येईल मग जाऊ, असं म्हणत बसू नको. याच आठवड्यात ये, आणि राहायला ये.