दादाची रिंगटोन

रंगाऱ्याला फोनचा ताप काय असतो ते रंगाऱ्यालाच ठाऊक. माणूस शिडीच्या वरच्या पायरीवर, मान मागे मोडलेली, हातातला ब्रश रंगानं निथळतोय, आणि नेमका तेव्हाच खाली खिडकीत ठेवलेला मोबाइल केकाटायला लागतो. उतरावं तर छताची ओली कड सुकून जाते, मग तिथं जोड दिसतो आणि मालक डोक्यावर बसतो. न उतरावं तर नेमका नव्या कामाचा फोन असायचा! बरं, धावतपळत, गुडघे झिजवत उतरावं, कोपरानं बटण दाबावं, तर पलीकडून कोणीतरी बाई कर्ज हवंय का म्हणून विचारणार. अस्सा संताप यायचा, की ब्रश फेकून मारावा.

आपल्या या रंगाऱ्यानं त्यावर तोड काढली. त्याला घरात धाकटा म्हणत, भावंडांत लहान म्हणून. मिशीत पांढरे केस आले तरी ते नाव काही सुटलं नाही. तर धाकट्यानं ठरवलं, की प्रत्येक माणसाची रिंगटोन वेगळी करायची. नुसत्या कानानं कळलं पाहिजे, उतरायचं की नाही ते. आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरायला नको, की काही विकत घ्यायला नको. फोनमध्येच आवाज टिपायची सोय असते, त्यावर टिपायचं, मागचंपुढचं फालतू बोटानं सरकवून कापायचं, आणि त्या माणसाच्या नावापुढे लावून टाकायचं. झालं! सगळं फुकट.

आवाज कुठं टिपायचा, यात मात्र त्याची खरी कारागिरी होती. फर्निचर नसलेल्या, नुकतीच पुट्टी लावून घासलेल्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. साधं खोकलं तरी भाषण केल्यासारखं वाटतं. धाकटा खोलीची दारंखिडक्या लावून घ्यायचा, मधोमध उभा राहायचा आणि मग टिपायचा. मुकादमाच्या फोनला त्यानं रिकामा डबा फरशीवर आपटल्याचा आवाज लावला. तो वाजला की उतरायचंच. बायकोच्या फोनला बायकोचाच आवाज, "अहो, उचला, नाहीतर घरी आल्यावर बघते!" तोही वाजला की उतरायचं, हे काय सांगायला हवं? लेकीच्या फोनला तिचं खिदळणं. किरकिऱ्या घरमालकांसाठी भिंत खरवडल्याची किर्रकिर्र. त्यांच्यासाठी जमलं तर उतरायचं.

बघता बघता त्याचं नाव झालं. सुतार आले, फरशीवाले आले, प्लंबर आला. "भाऊ, आपल्याला पण एक करून दे की!" धाकटा जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून एकेकाची करून द्यायचा. मोबदला म्हणून नुसती शाबासकी घ्यायचा, पण ती मात्र मोजून वसूल करायचा. नकला त्याला लहानपणापासून यायच्या. कुणाचाही आवाज काढायचा पठ्ठ्या, हुबेहूब! त्याचा कामातला जोडीदार कितीतरी वर्षं त्याच्या बरोबरचा. भिंतीच्या भेगा बुजवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून त्याला सगळे पुट्टीच म्हणत. हा पुट्टी त्याच्या नकलांवर पोट धरून हसायचा.

आता दादाचं सांगतो.

दादा म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा दादानं शाळा सोडली आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात चिकटला. धाकट्याची फी, धाकट्याचे कपडे, पुढे धाकट्याचं लग्न, सगळं दादानं त्याच खळीनं चिकटलेल्या हातांनी केलं. स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. आता दादाची स्वतःची एक खोली होती बांधणीची, मागच्या बाजूला झोपायची जागा. एकटा जीव. दिवसातून एकदा फोन करायचा धाकट्याला, दुपारी, ठरल्यासारखा.

आणि दादाचा फोन म्हणजे... काय सांगावं! आधी घसा साफ करणार. मग "मी बोलतोय." अरे बाबा, नाव दिसतं फोनवर, तूच बोलतोयस ते! मग "जेवलास?" मग "काय जेवलास?" मग पोरीचा अभ्यास, मग दादाचे गुडघे, मग कुणाच्या तरी जाडजूड ग्रंथाचा पुठ्ठा कसा कुजला होता आणि तो कसा वाचवला. ब्रशवरचा रंग कडक व्हायचा तरी दादाचं चालूच. फोन ठेवताना पुन्हा "ठेवू का?" असं तीनतीनदा विचारणार आणि ठेवणार नाही.

धाकट्याला कंटाळा यायचा. यात खोटं काय? कुणालाही आला असता. पण कंटाळा येणं वेगळं आणि त्यानं पुढं जे केलं ते वेगळं.

एका दुपारी, रिकाम्या हॉलमध्ये, पुट्टीसमोर त्यानं दादाची नक्कल केली आणि ती टिपली. आधी घसा खाकरला, दादासारखाच लांबलचक. मग नाकातून, रडवेल्या सुरात, "मी बोलतोयऽऽ... दादाऽऽ... जेवलास काऽऽ? काय जेवलास? ठेवू काऽऽ? नको ठेवू?" हॉल घुमला. शेवटी पुट्टीला हसू आवरेना, तेही त्यात टिपलं गेलं. एरवी असलं हसू धाकट्यानं बोटानं कापून टाकलं असतं. पण "राहू दे रे, मजा येते," म्हणाला, आणि दादाच्या नावापुढे लावून टाकलं.

तेव्हापासून दुपारी फोन वाजला की कामावरची सगळी माणसं हसायची. "लागलं बघ तुझं रडगाणं!" धाकटा वरूनच म्हणायचा, "वाजू दे!" संध्याकाळी घरी गेल्यावर करायचा मग फोन. कधी करायचा, कधी राहून जायचा.

एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. आपण ज्याच्यासाठी रिंगटोन लावतो, त्याला ती कधी ऐकू येत नाही. त्याच्या कानाला नुसतं ट्रिंगट्रिंग. सगळ्या जगाला ऐकू जाते, त्या एका माणसाला सोडून. याच भरवशावर तर धाकटा निर्धास्त होता.

लेकीचा शब्दकोश फाटला होता, पानं सुटी झाली होती. धाकट्यानं तो दादाकडे टाकला होता बांधायला. दादानं तो बांधला आणि म्हणाला असेल मनाशी, नाहीतरी त्या बाजूला जायचंय, कामावरच नेऊन देऊ. नवी इमारत, लिफ्ट चालू झालेली नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी माणूस जिने चढून वर आला. सगळ्या दारांवर कागद चिकटवलेले, सगळीकडे घासल्याचा खरखराट, कुठल्या घरात भाऊ आहे कळेना. म्हणून दादानं जिन्यातूनच फोन लावला.

फोन उघड्या दाराजवळच्या खिडकीत होता. तो वाजला, आणि पहिलीच खाकर ऐकून दादा त्या दारात आला.

पुट्टी त्याच खोलीत भेगा बुजवत होता. त्यानं दारात दादाला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फोन उचलून बंद करावा, तर हात पुट्टीनं भरलेले. तोवर रिकाम्या खोलीत दणदणीत घुमायला लागलं, "मी बोलतोयऽऽ... दादाऽऽ... जेवलास काऽऽ?" आतल्या खोलीत धाकटा छताला भिडला होता. त्याला काय माहीत! तो नेहमीसारखा वरून ओरडला, "वाजू दे रे! उचलला की अर्धा तास खातो तो!"

दादा फोन कानाला लावून तसाच उभा होता. ते पूर्ण वाजलं, पुट्टीच्या हसण्यापर्यंत.

पुट्टी आत हाक मारायला वळला, तर दादानं हातानंच थांबवलं. "नको. काम चाललंय त्याचं." रद्दीचा कागद शोधला, तो खिडकीत अंथरला, त्यावर शब्दकोश ठेवला, रंगाच्या डब्यापासून लांब सरकवला. आणि उतरून गेला.

धाकटा खाली आला तेव्हा छताची कड सुरेख जुळली होती. आधी त्यानं तीच बघितली. मग शब्दकोश दिसला. मग पुट्टीचा चेहरा.

"कधी आला होता?"

"मगाशी. वाजत होतं तेव्हा."

धाकटा धावत जिन्यापर्यंत गेला, खाली वाकून बघितलं, कुणी नव्हतं. तिथंच पायरीवर बसला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला. पण आता त्याचा काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. ती घाण धाकट्यानं त्याच दिवशी पुसून टाकली होती. तिच्या जागी एक चांगली रिंगटोन केली, बासरीसारखी शीळ घालून. मग ती नको वाटली. मग लेकीला म्हणायला लावलं, "बाबा, काकांचा फोन!" तीही चार वेळा बदलली. दुपार झाली की त्याचा ब्रश मंदावायचा, कान खिडकीकडे. आता जेवणाच्या सुट्टीत सुतार आले, प्लंबर आला, तरी धाकटा म्हणायचा, "सोडलं मी ते. कानाला खडा."

संध्याकाळी तो स्वतः फोन करायचा. दादा दुसऱ्याच घंटेला उचलायचा. छान बोलायचा. पोरीचं विचारायचा. "बरं, ठेवतो," म्हणायचा आणि लगेच ठेवायचा. ते लगेच ठेवणं धाकट्याला फार लागायचं.

शेवटी बायको म्हणाली, "असे झुरत काय बसताय? जा ना समोर! पाय धरा!"

गेला. दादा एका जुन्या पोथीएवढ्या वहीच्या पाठीला खळ लावत होता. दोन्ही हात मनगटापर्यंत बरबटलेले. धाकटा स्टुलावर बसला, शब्द जुळवत राहिला. तेवढ्यात दादाचा फोन वाजला, कंपनीनं दिलेली तीच ती ट्रिंगट्रिंग. दादानं ब्रश ठेवला, हात एप्रनला पुसले न पुसले, आणि उचलला. कुणीतरी चुकून लावला होता. "नाही हो, हे बांधणीचं दुकान. बरं बरं, ठेवा," म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. धाकट्यानं तो फोन बघितला. सगळ्या बाजूंनी वाळलेल्या खळीचे पापुद्रे, बटणांवरचे आकडे दिसेनासे झालेले. हा माणूस भरल्या हातांनी एकूण एक फोन उचलत आला होता. नाव बघत नव्हता. कोण आहे, उचलायचा की नाही, हा प्रश्नच त्याला पडला नव्हता.

धाकट्याला रडू फुटलं. "दादा, त्या दिवशी मी... चुकलं रे माझं. अक्कल गहाण टाकली होती मी."

दादा खाली बघूनच वहीच्या पाठीवरून ब्रश फिरवत राहिला. "अरे, आवाज मात्र हुबेहूब काढलास हं," म्हणाला. "मला माहीतच नव्हतं, मी असा बोलतो ते." आणि हसला. रागानं हसला असता तर बरं झालं असतं. तो खरंच कौतुकानं हसला, आणि धाकट्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"दादा, तुझ्या आवाजात कर ना एक. खरी. मी लावतो. वाजली की कुठंही असलो तरी उतरतो, आईशप्पथ!"

"मी काय बोलू?"

"फोनवर बोलतोस तेच. काहीही बोल."

धाकट्यानं फोन पुढे धरला. दादानं हात पुसले, खुर्चीत नीट बसला. घसा साफ करणार होता, पण मध्येच थांबला, गिळून टाकला तो आवाज. मग हळू, अगदी मोजकं बोलला.

"मी आहे रे. काही काम नाही. तू वर असशील तर घाईनं उतरू नकोस."

"जमलं का?" त्यानं विचारलं. धाकट्यानं मान हलवली. पुन्हा बोल म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

ती रिंगटोन त्यानं लावली आहे. मागचंपुढचं काही कापलं नाही. दुपारी मात्र ती अजून एकदाही वाजलेली नाही. एका सुट्टीच्या दुपारी बायकोनं त्याला घरी खिडकीशी फोनकडे टक लावून बसलेला बघितलं आणि वैतागून म्हणाली, "एवढी ऐकायची आहे, तर लावा ना तुम्हीच फोन दादांना!"

"लावतो की गं रोज," धाकटा म्हणाला. "मी लावला की माझ्या फोनवर काय वाजणार?"