खोळवालीची पिकअप

माझ्या समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईबद्दल खरं तर लिहिता येणाऱ्या माणसानं लिहायला हवं. ते काम माझ्याकडे आलंय, तेव्हा जेवढं पाहिलं तेवढंच सांगतो.

गल्लीत तिला खोळवाली म्हणतात. सोफ्याच्या, गाद्यांच्या, खुर्च्यांच्या खोळी शिवणं हा तिचा धंदा. पण हात एकदा चालू झाला की थांबत नाही. मिक्सरला खोळ, रिमोटला खोळ, पाण्याच्या पिंपाला झालरीची खोळ. "मी सकाळी जरा उशिरा उठलो तर माझंही माप घेईल," असं तिचा नवराच म्हणतो.

नवऱ्याची एक जुनी डिझेल पिकअप आहे. फर्निचरच्या कारखान्याचा माल तो घरोघर पोचवायचा. एकदा माल उतरवताना कपाटासकट खाली आला आणि कंबर कामातून गेली. डॉक्टर म्हणाले, हिंडाफिरायला लागशील, पण ओझं नाही आणि स्टिअरिंगही नाही. गाडी दारात उभी राहिली. त्यानं ती विकायचं काढलं, तर ही म्हणाली, "मी चालवते."

"गाडी म्हणजे शिलाई मशीन नव्हे."

"पेडल दोन्हीकडे पायातच असतं ना?"

ती खरोखर शिकली, लायसन काढलं, रोज मागच्या मैदानात गाडी फिरवायला लागली. शेवटी दोघांत एवढं ठरलं: कारखान्याचा एक सोफा तिनं एकटीनं वेळेवर पोचवायचा. जमलं तर गाडी राहील. नाहीतर त्याच दुपारी एक गिऱ्हाईक बघायला येणार होतं, त्याला ती देऊन टाकायची.

त्या दिवशी सकाळी मी पायरीवर चहा घेत बसलो होतो. खोळवाली केस घट्ट बांधून खाली आली, गाडीत बसली, किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात घरघरला. इंजिन काही उचलेना. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा वरची खिडकी उघडली.

"अगं, सारखी किल्ली मारू नको! बॅटरी उतरेल!"

"मग काय ओवाळू तिला?"

"काका," नवरा मला म्हणाला, "जरा बघा हो, मागून धूर येतोय का?"

मला गाडीतलं ओ का ठो कळत नाही. पण धूर दिसतो. मी मागे जाऊन उभा राहिलो, तिनं किल्ली फिरवली. नळीतून काहीच आलं नाही.

"नाही रे, सगळं स्वच्छ."

"म्हणजे डिझेलच पोचत नाही. टाकी बघ."

टाकी भरलेली होती. तिनं बॉनेट उघडलं. फिल्टरवर हातानं दाबायचा छोटा पंप असतो, तो ती दाबत राहिली, कडक होईपर्यंत. नवऱ्यानं वरून सांगितलं तसा बाजूचा स्क्रू सैल केला. डिझेल सरळ बाहेर आलं, एक बुडबुडा नाही.

"नळीत हवा नाही धरलेली," ती म्हणाली. "इथवर येतंय सगळं."

"स्टॉपचा नॉब आत आहे ना?"

त्या जुन्या गाडीचं इंजिन किल्लीनं बंद होत नाही. डॅशबोर्डवरचा एक नॉब बाहेर ओढला की डिझेल तुटतं. तिनं आत वाकून नॉब दाबला. "आत आहे हो!"

मग वरचा आवाज मऊ झाला. तो म्हणाला, "राहू दे. दमलीस. कारखान्याला फोन करतो, दुसरा टेम्पो बोलावतील."

तिनं वर पाहिलंच नाही. कपाळावर काळा हात फिरवला आणि मला म्हणाली, "काका, आत बसा. तो नॉब दाबून धरा, मी इथून बघते."

मी चढून बसलो. डॅशबोर्डला नवीकोरी खोळ होती, फोम लावलेली, जाड, निळी. पहिल्या खेपेसाठी म्हणून तिनं आदल्या संध्याकाळी बसवलेली. प्रत्येक बटणाला माप घेऊन भोक, आणि स्टॉपच्या नॉबच्या मानेभोवती इलॅस्टिकची गुबगुबीत झालर. मी नॉब दाबला.

"इंजिनात डिझेल सोडणारी दांडी हलली," ती बॉनेटमागून म्हणाली. "आता सोडा." मी सोडला. "अरे! परत आली. पुन्हा दाबा. सोडा."

मग डोकावून बघतो तर बाई तोंडाला पदर लावून हसतेय.

"काय झालं?" वरून हाक.

ती लपवू शकली असती. मी तर गप्पच राहिलो असतो. पण ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, गाडीला काही झालेलं नाही! मी नॉबला झालर लावली ना, तिचा फोम नॉबला आत राहूच देत नाही! दाबला की जातो आणि हात काढला की येतो बाहेर!"

खिडकीत तो असा हसला की कंबर धरून त्याला खिडकीचा गज पकडावा लागला. कंबर मोडल्यापासून त्याचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

पर्समधून कात्री निघाली. झालर कापली गेली, बाकीची खोळ तशीच राहिली. तिनं नॉब दाबला, किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, काळा धूर सोडला आणि चालू झालं. मी पायरीवर परत आलो तेव्हा माझा चहा गार झाला होता, तो मी तसाच आनंदानं प्यालो.

"अगं, कोपऱ्यावर हॉर्न वाजव!" तो ओरडला. "आणि सोफा उतरवताना मागचं फळकं आधी..."

"माहितेय!"

"बरं, दुपारी तो माणूस येईल, त्याला काय सांगू?"

तिनं गिअर टाकला. "सांगा, गाडी कामावर गेलीये."

दुपारी तो माणूस आलाच. दारात तेलाचा एक डाग होता, बाकी काही नव्हतं. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "इथे ती पिकअप होती ना?" मी तोंड उघडायच्या आत वरून खिडकीतून उत्तर आलं, तिच्याच शब्दांत, आणि आवाजही जरा चढाच होता.